अंगाला बसलेलं वास्कट

नवरामुलगा सूट घालून समोर आला, की बस्त्यावकाका त्याला आधी खुर्चीत बसवत. मग उठवत, बुटाची नाडी बांधायला वाकवत आणि शेवटी दोन्ही हात वर करायला लावत. पोलिसानं पकडल्यासारखा तो उभा असताना काका त्याच्या पोटाकडे रोखून बघत. वेस्टकोट आणि पँट यांच्यामधून शर्टाची पांढरी पट्टी डोकावली, की संपलं. "उभ्यानं काय, सगळेच राजे दिसतात!" म्हणत ते त्याला स्कूटरवर मागे बसवून पुन्हा शिंप्याकडे नेत.

वेस्टकोटाला ते वास्कट म्हणत. नव्वदच्या दशकात माझी वसईला बदली झाली, तेव्हा मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. काकांची केळीची वाडी होती. लग्न केलेलं नव्हतं. स्वतः बारा महिने बनियन आणि अर्ध्या चड्डीत. पण गावातलं कुठलंही वास्कट त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय देवळात जात नसे. देऊळ म्हणजे चर्च. तिकडे तसंच म्हणतात.

वाडीच्या कुंपणापलीकडे त्यांचे थोरले भाऊ इनासकाका राहत. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद होतं. इनासकाकांच्या मुलाचं, विल्सनचं लग्न ठरलं. त्याची तपासणी काकांनी कुंपणाशी उभं राहूनच केली. ती झाल्यावर विल्सन म्हणाला, "पप्पा देवळात येणार नाही म्हणतात. आजारात वाळलेत ना. जुनं वास्कट पोत्यासारखं लोंबतं. नवीन शिवू म्हटलं, तर माप घेऊ देत नाहीत. लोक हसतील म्हणतात."

रविवारी काका देवळात मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जाऊन आले आणि थेट माझ्या दारात उभे राहिले.

"आज त्याच्या मागच्या बाकावर बसलो होतो. फादर काय बोलले, एक शब्द कानात गेला नाही. पाठ बघत होतो त्याची." मला खालून वर न्याहाळत ते म्हणाले, "चल शिंप्याकडे. इनास आता तुझ्याएवढाच राहिलाय."

एवढं बोलून ते स्कूटर पुसत बसले. ती स्वच्छच होती.

विल्सननं गुपचूप ते जुनं वास्कट आणून दिलं. शिंप्यानं ते माझ्या अंगावर टाचलं. इनासकाकांच्या वतीनं मी बसलो, उठलो, वाकलो, हात वर केले. शिंपी दमला तेव्हा काकांचं समाधान झालं.

लग्नाच्या सकाळी त्यांनी वास्कट माझ्या हाती दिलं. "शिंप्यानं पाठवलं म्हण."

मी कुंपणापलीकडे जाऊन तसंच म्हटलं. इनासकाकांनी ते घातलं, आरशात बघितलं, पाठीवरून हात फिरवला. बटणं मात्र काही केल्या काजात जाईनात. मी पुढे झालो, तर म्हणाले, "तू नको. बाहेर उभा असेल बघ तो. बोलव."

काका खरंच कुंपणाशी उभे होते. आत आले आणि भावासमोर गुडघ्यावर बसून बटणं लावू लागले. मध्येच हात थांबला.

"जेवत नाहीस काय रे?"

"तू जेवतोस?" इनासकाकांनी विचारलं. "रात्री तुझ्या चुलीचा धूर दिसत नाही."

काकांनी मान वर केली नाही. लावलेलंच बटण चाचपत राहिले. विल्सननं बाहेरून दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे दोघे निघाले.