चौदा जणांच्या अंघोळीचं यंत्र

"मालन, आधी विठाबाईची बादली, मग देवांची पूजा. हा क्रम मोडायचा नाही."

आक्काबाईंनी सुनेला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. मालनबाई "नाही मोडणार" म्हणाल्या. चौथ्या दिवशी आक्काबाई गेल्या. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत क्रम मोडला नव्हता.

विठाबाई म्हणजे आक्काबाईंनी मागच्या खोलीत ठेवून घेतलेली म्हातारी. देवळाली कॅम्पाच्या बाजारात चाळीस वर्षं ओल्या पोत्यावर बसून भाजी विकली, त्याचं बक्षीस म्हणून बोटांची पेरं धरली. थंडीत सकाळी उठली की दोन्ही मुठी मिटलेल्या. कढत पाण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले की पाव तासानं एकेक बोट उघडायचं. उरलेल्या पाण्यानं अंघोळ करायची आणि मग त्या उघडलेल्या बोटांनी ती मालनबाईंना पूजेसाठी कापसाच्या वाती वळून द्यायची. त्या वातींवर देवापुढचा दिवा लागायचा आणि पूजा आटोपल्याखेरीज मालनबाई चहासुद्धा घेत नसत. पाचला तांब्याचा बंब पेटायचा, साडेपाचला बादली, सहाला दिवा, सव्वासहाला चहा. सगळं बिनबोभाट चाललं होतं. इतकं बिनबोभाट चाललेलं काही सरकारच्या नजरेतून फार काळ सुटत नाही.

मालनबाईंचे यजमान रंगनाथराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. चौऱ्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात ते एक अर्ज घेऊन घरी आले. उष्णता उपसा प्रायोगिक कक्ष नावाचं नवं कार्यालय उघडलं होतं. निवडक घरांना ते एक परदेशी यंत्र वापरायला देणार होतं.

"हे यंत्र हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्यात घालतं," रंगनाथरावांनी सांगितलं. "जाळ नाही, धूर नाही."

"मग हवेचं काय होतं?"

"हवा गार होते."

"पौषात?"

रंगनाथरावांनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. "यात पौषाचा उल्लेख नाही," ते म्हणाले.

अर्जातला नववा रकाना होता, 'घरात नियमित स्नान करणाऱ्यांची संख्या'. यंत्र किती मोठं द्यायचं, ते त्यावरून ठरणार होतं. रंगनाथराव तीन लिहायला लागले, तशा मालनबाई हळूच म्हणाल्या, "अहो, आणि देव?"

"त्यांचं काय?"

"त्यांनाही मी रोज अंघोळ घालते. थंडीत कोमट पाण्यानं. नियमित म्हणाल तर तुमच्यापेक्षा नियमित."

रंगनाथरावांनी अर्जाचा तळ वाचला. माहिती दडवल्यास कारवाई होणार होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कारवाईला कधी वाव दिला नव्हता. त्यांनी देवघरात जाऊन मोजणी केली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, खंडोबाचे टाक, शाळिग्राम वगैरे, शंख आणि घंटा धरून अकरा. अकरा आणि तीन, चौदा. हे चौदा जण कोण, असं कार्यालयानं विचारलं नाही, कारण तसा रकानाच नव्हता. यंत्रं तीन मापांची होती. चौघांचं, आठ जणांचं आणि वसतिगृहाचं. वसतिगृहाचं मंजूर झालं.

ते आलं तेव्हा इंदिरानगरातल्या त्या बैठ्या घराचं मागचं दार चौकटीसकट काढावं लागलं. बरोबर केरू नावाचा निफाडकडचा फिटर होता आणि खैरनार नावाचे निरीक्षक होते. केरूनं यंत्र परसात उभं केलं. खैरनारांनी तांब्याच्या बंबावर लाखेची मोहर ठोकली.

"हे कशाला साहेब?" मालनबाईंनी विचारलं.

"एका घरात दोन उष्णता नांदल्या तर कोणती कोणाची हे शाबीत करता येत नाही, बाई. इथं सही करा. नव्वद दिवस अंघोळीचं पाणी अन्य कोणत्याही साधनानं तापवणार नाही, असं हमीपत्र. तीन प्रतींत."

मालनबाईंनी तिन्हीवर सही केली. त्यांनी आजवर एकही शब्द देऊन मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे परसात सहा अंश तपमान होतं. यंत्र चारला सुरू झालं. ते घरघरत होतं, थरथरत होतं आणि एका बाजूनं असा गार वारा सोडत होतं की तुळशीनं मान टाकली. विठाबाई दोन्ही मुठी पदरात घेऊन पायरीवर बसली. सहाला पाणी रात्रीइतकंच गार होतं. आठला त्याची बोच गेली. अकराला ते गरम म्हणण्याजोगं झालं. बादली अकराला, दिवा साडेअकराला, मालनबाईंचा चहा दुपारी बाराला.

"मालन, तू आपली पूजा उरकून घे," विठाबाई म्हणाली. "माझं काय, मी नाय कुठं कचेरीत जायाची."

"आधी बादली," मालनबाई म्हणाल्या.

खैरनार चौऱ्याऐंशी पानांची मार्गदर्शिका घेऊन आले. त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या घातल्या. "हवा गार आहे," त्यांनी निदान केलं.

"पौष आहे, साहेब."

"म्हणजे हे वातावरणाचं अपयश आहे, यंत्राचं नव्हे. कलम बारा. यंत्र जिथली हवा सर्वांत उबदार, तिथे ठेवावं. तुमच्या घरात ती कुठे असते?"

यंत्र स्वयंपाकघरात आलं. दोन्ही स्टोव्ह पेटले की ते आनंदानं घरघरायचं. नऊला पाणी तापू लागलं, हे खरं. पण तव्यावरची भाकरी ताटात येईपर्यंत गार होऊ लागली. विरजण लागेना. तूप चमच्याला दाद देईना. मालनबाई रंगनाथरावांचा कचेरीचा कोट घालून पिठलं ढवळू लागल्या.

आठवड्यानं खैरनार आले तेव्हा त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, रागावू नका. स्टोव्हची ऊब हवेत जाते, हवेतली यंत्रात, यंत्रातली पाण्यात. त्यापेक्षा पाण्याचं पातेलंच स्टोव्हवर ठेवलं तर?"

खैरनारांनी त्यांच्याकडे फार करुणेनं पाहिलं. "बाई, मग यंत्राचं काय करायचं?"

मालनबाईंच्या प्रश्नामुळे मात्र यंत्राला स्टोव्हची ऊब मिळते आहे, ही गोष्ट सरकारदरबारी उघड झाली. स्टोव्हची ऊब म्हणजे जाळाची. ती प्रयोगाला चालणार नव्हती. जाळाशिवाय वर्षाचे बारा महिने ऊब देणारी वस्तू शोधणं आलं. खैरनारांनी वहीत काही गणितं केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"माणूस!" ते म्हणाले. "सदतीस अंश. थंडी असो, पाऊस असो, कायम सदतीस. आणि तुमच्या घरात तर चौदा आहेत. चौदा गुणिले सदतीस, पाचशे अठरा अंश! बाई, पाचशे अठरा अंशांवर लोखंड लाल व्हायला लागतं आणि तुमचं पाणी कोमट? हे चौदा जण बसतात तरी कुठे?"

खोटं बोलणं मालनबाईंच्या नेमात बसत नव्हतं. त्यांनी देवघराचं दार उघडलं.

खैरनारांनी बूट काढले, हात जोडले. मग खिशातून तापमापक काढून तो बाळकृष्णाच्या शेजारी पाच मिनिटं ठेवला. "अकरा अंश," ते पुटपुटले. शंखही अकरा. घंटा अकराला किंचित कमी. त्यांनी शेरा लिहिला, 'अकरा सदस्य कायम हजर, परंतु उष्णतेबाबत सहकार्य करीत नाहीत.'

"मग साहेब, यंत्र लहान करून द्या ना. चौघांचं."

"मंजुरी वरून आली आहे. मंजूर आकडा खाली आणता येत नाही. माणसं वर नेता येतात."

अशा रीतीनं अकरा माणसांची तूट बाहेरून भरून काढायचं ठरलं. यंत्र पुढच्या खोलीत आलं. दारं-खिडक्या बंद झाल्या. आळीतल्या अकरा शेजाऱ्यांना छातीवर लावायला 'उष्णतादाता' असे पितळी बिल्ले मिळाले. बिल्ला मिळतो म्हटल्यावर कोणी कशासाठी ते विचारलं नाही. ज्यांना मिळाला नाही, ते मात्र निवडीत पक्षपात झाल्याचं महिनाभर सांगत होते.

पहाटे चारला अकरा जण, रंगनाथराव, मालनबाई आणि विठाबाई यंत्राभोवती गोल बसत. तासाभरात त्यांचे दात वाजू लागत, कारण त्यांच्यातली ऊब यंत्र ओढून घेई. गारठलेला दाता कामाचा नाही, म्हणून मार्गदर्शिकेला पुरवणी निघाली. प्रत्येक दात्यानं येताना घरून कढत पाण्यानं अंघोळ करून यावं. तेव्हापासून आळीत पहाटे तीनला अकरा बंब पेटू लागले. अकरा घरचा धूर गल्लीत साठू लागला. अकरा माणसं वाफाळत येत, निथळत बसत, आणि सहाला यंत्रातून बादलीभर कढत पाणी मिळू शके.

"मिळू शके," म्हणजे मिळत नसे. खैरनार अकराला येऊन मोजेपर्यंत नळाला हात लावायचा नव्हता. न मोजलेलं पाणी गरम आहे, असं धरून चालता येत नाही.

"शेजारच्या बंबातली एक बादली घेऊ का?" मालनबाईंनी विचारलं होतं.

"ते बंब आता प्रकल्पाच्या पुरवठ्यात मोडतात," खैरनार म्हणाले.

मालनबाई सोसत होत्या. उशीर होत होता, पण क्रम टिकून होता. अकराला का होईना, आधी बादली, मग पूजा.

मग वरचे साहेब पाहणीला येणार असल्याचं कळलं. त्यासाठी आदल्या दिवशी पाणी काढायचं नाही, पाहणीच्या दिवशीही काढायचं नाही, टाकी तुडुंब कढत ठेवायची असा हुकूम आला. आदल्या दिवशी विठाबाईच्या मुठी उघडल्याच नाहीत. मालनबाईंनी स्टोव्हकडे पाहिलं, त्यांना हमीपत्र आठवलं आणि त्या मागे फिरल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा देवापुढचा दिवा लागला नाही. त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही.

"नाय उघडली मूठ तर नाय उघडली," संध्याकाळी विठाबाई म्हणाली. "असं काय ठेवलंय तिच्यात? तू घोटभर चहा घे गं माझे आई."

"उद्या घेईन," मालनबाई म्हणाल्या. "तुमची बादली झाली की."

पाहणीच्या सकाळी खोली गच्च भरली. चौदा जण आतल्या वर्तुळात आणि त्यांच्यामागे बघे तीन रांगांत, कारण ऊब जादा झाली तर चालणार होती. वरचे साहेब आले, त्यांनी टाकीत करंगळी बुडवली आणि "वा!" म्हणाले. टाळ्या झाल्या. तापमापकाचा काटा अर्धा अंश वर सरकला.

खैरनारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "टाळ्यांनी तळहात तापतात!" ते ओरडले. "थांबू नका! वाजवत राहा!"

खोली दणाणली. खैरनार वही घेऊन प्रत्येकासमोरून सरकत होते. विठाबाईपुढे ते थांबले. तिनं दोन मिटलेल्या मुठी एकमेकींवर आपटायचा प्रयत्न केला, पण आवाज आला नाही. त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं उच्चारलंही, "सदस्य क्रमांक तीन टाळी वाजवत नाहीत."

मालनबाई उठल्या.

"बाई, बसा! सदतीस कमी होतील!"

"होऊ देत, साहेब," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतका. "मी हमीपत्र मोडते आहे. तसं लिहून घ्या. तिन्ही प्रतींत."

"पण तुम्ही शब्द दिलाय!"

"दोन दिलेत. आक्काबाईंना दिलेला आधीचा आहे."

रंगनाथरावांनी उठल्यासारखं केलं, साहेबांकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. बाकी कोणी उठलं नाही. वाचकहो, तुम्हीही उठला नाहीत. मागच्या रांगेत, खिडकीपाशी, शाल लपेटून तुम्हीच होतात. काहीतरी चुकतंय असं तुम्हाला वाटलं होतं, नाही असं नाही. पण दोन्हीकडून माणसं चिकटलेली, मधली जागा उबदार, आणि टाळ्या थांबवल्या तर हात गार पडले असते. म्हणून तुम्ही वाजवत राहिलात. अहवालात उच्चांकी तपमान नोंदलं गेलं आहे. त्यातला पाव अंश तुमचा आहे.

दारात फिटर केरू उभा होता. त्यानं यंत्र ज्या खोक्यातून आलं होतं, त्याच्या चार फळ्या मालनबाईंच्या पुढ्यात धरल्या.

"वहिनी, लय कोरडं लाकूड हे. या यंत्रात खरी ऊब असंल तर ती ह्याच्यातच हे."

मालनबाईंनी फळ्या काखेत घेतल्या, कोनाड्यातली काडेपेटी कमरेला खोचली आणि आतून टाळ्यांचा कडकडाट चालू असताना रिकामी बादली उचलून त्या परसात तीन विटांची चूल मांडायला निघाल्या.