क गटाचं अघोषित प्रस्थान

मराठी माणूस एकटा असला की सायकल चालवतो, दोघे असले की सायकलीविषयी बोलतात, आणि तिसरा आला की समिती नेमावी लागते. हा निसर्गनियम आहे. देश बदलला तरी तो बदलत नाही. न्युरेम्बर्गमध्ये तर तो जरा जास्तच जोरात लागू होतो, कारण तिथला दर दुसरा मराठी माणूस इंजिनिअर आहे आणि उरलेले त्याचे मॅनेजर आहेत.

तिथल्या मराठी मित्रमंडळाने केलेल्या पाहणीनुसार (पाहणी करणारे दोन, उत्तरं देणारे तेच दोन) शहरातल्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे सरासरी २.४ सायकली आहेत. त्यांतल्या एकसष्ट टक्के बाल्कनीत असून त्यांच्यावर टॉवेल वाळतात. एकोणतीस टक्के तळघरात आहेत आणि तळघराची किल्ली सापडत नाही. उरलेल्या दहा टक्के चोरीला गेल्या. मंडळाच्या ताफ्यात नियमित चालवल्या जाणाऱ्या सायकली बहुधा त्याच.

अशा या सायकलप्रेमी समाजात जूनच्या मध्याला मिरजेच्या कुंदाकाकू दाखल झाल्या. मुलगा मयुरेश आणि सून अरुंधती इथलेच; सोबत यजमान दत्तात्रय आणि नव्वद दिवसांचा व्हिसा. काकूंनी सामानातून मेतकूट, गोडा मसाला आणि एक इच्छा आणली होती. पहिल्या दोन गोष्टी कस्टमवाल्यांनी मुकाट्याने सोडल्या. तिसरी मात्र घरातच अडली.

इच्छा साधी होती. काकूंना सायकल चालवायची होती. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्या मिरजेत सायकलवरून कॉलेजला जात. लग्नात ती सायकल त्यांच्यासोबत सासरी आली आणि पंधरा दिवसांत धाकट्या दिराकडे गेली, कारण त्याला कॉलेज लांब पडायचं. (त्या काळी समित्या नव्हत्या. निर्णय एका वाक्यात व्हायचे आणि ते वाक्य सासूबाई म्हणायच्या.) या गोष्टीला सेहेचाळीस वर्षं झाली. आता मिरजेच्या रस्त्यावर सायकल काढायची सोय नव्हती, कारण मयुरेशने ती न्युरेम्बर्गहून व्हिडिओ कॉलवर बंद केली होती. इथे मात्र अरुंधतीच्या बाल्कनीत काकूंनी एक ओला टॉवेल उचलला आणि खाली चक्क घंटी निघाली.

"मयुरेश, मी जरा खाली एक चक्कर मारून येते रे."

"आई, असं एकदम नाही चालवता येत इथे. नियम असतात."

कोणते, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने रात्रभर शोधले. सहासष्ट वर्षांच्या बाईने सायकल चालवू नये असा एकही नियम जर्मनीसारख्या देशाला करता आलेला नाही, हे पाहून तो हादरला आणि विषय त्याने मंडळाकडे सोपवला.

मंडळाने प्रश्न गांभीर्याने घेतला. एकट्या काकूंनी एक चक्कर मारण्याऐवजी सगळ्यांनीच एक दिवसाची मार्गदर्शित ग्रामीण सायकल सहल काढावी असं ठरलं. त्यासाठी सायकल सहल नियोजन समिती स्थापन झाली आणि शिरीष तिचा अध्यक्ष झाला. शिरीष एका मोठ्या कंपनीत धोके ओळखतो. म्हणजे यंत्र सुरू होण्याआधी ते कसकसं बंद पडेल, हे तो लिहून देतो. यंत्र सुरू करणं हे दुसऱ्या विभागाचं काम.

मार्ग एकमताने ठरला: जुना कालवा. दोन नद्या जोडायला एका बव्हेरियन राजाने तो खणला, त्याला पाणी अडवायची शंभर दारं केली, आणि सगळं पूर्ण होईतो आगगाडी आली. नियोजन इतकं परिपूर्ण, की वापराची गरजच उरली नाही. समितीला हा कालवा पहिल्या भेटीतच आपला वाटला. त्याच्या काठाने, पूर्वी घोडे होड्या ओढत त्या वाटेवर, अठरा किलोमीटर जायचं. कालवा जिथे पुलावर चढून खालच्या नदीला ओलांडतो, तिथल्या खानावळीच्या बागेत दीड वाजता जेवायचं. वाट इतकी सपाट आहे की तिच्यावरून समितीसुद्धा घसरणार नाही.

मग अकरा बैठका झाल्या. तारखेसाठी ऑनलाइन मतदान झालं, मतदानाच्या तारखेसाठी मतदान झालं. टायर फुटल्यास काय, बदक आडवं आल्यास काय, बदकाचं काही झाल्यास विमा कुणाचा, अशी सत्तेचाळीस धोक्यांची सूची तयार झाली. मुलांना घरी ठेवायचं ठरलं, कारण मुलं सायकल हातात आली की चालवायलाच लागतात आणि मग आवरत नाहीत. आणि सहभागी चोवीस जणांचे तीन गट पाडले: अ म्हणजे चालवणारे, ब म्हणजे चालवू शकतील असे, आणि क म्हणजे आदरणीय. क गटाने गाडीतून यायचं, श्रीफळ वाढवायचं आणि बाकीच्यांचं कौतुक करायचं. काकूंची नेमणूक अर्थातच क गटात झाली.

"मला आदर नको, सायकल द्या," काकू म्हणाल्या. पण त्या क गटात असल्यामुळे हे इतिवृत्तात आलं नाही.

दत्तात्रयरावही क गटात होते आणि अत्यंत समाधानी होते. आदर आणि गाडीतली पुढची सीट, दोन्ही एका दमात मिळण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग होता.

सहलीचा रविवार उजाडला तेव्हा काकूंच्या व्हिसाचा सत्त्याऐंशीवा दिवस होता. मंगळवारी विमान. म्हणजे आज नाही तर मग नाहीच, हे काकूंना पुरतं कळत होतं. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे उठून त्यांनी सुनेच्या सायकलवरचे टॉवेल काढून घडी करून ठेवले, साखळीला खोबरेल लावलं आणि हवा बघितली.

सकाळी आठला जमायचं होतं. साडेनऊला येणाऱ्यांना आठ सांगावं लागतं, ही मंडळाची जुनी शिस्त. दुर्दैवाने मार्गदर्शकालाही आठच सांगितलं होतं आणि तो जर्मन होता. हेर (म्हणजे श्रीयुत) होल्त्सिंगर, वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमन, चाळीस वर्षं याच काठाने सायकलवरून पत्रं वाटलेला माणूस. तो आठला पाच कमी असताना आला आणि बाकावर बसून कालव्याकडे बघत राहिला. साडेनऊला सगळे जमले. सगळे गाड्यांनी आले, सायकली मागे बांधून, कारण निघायचं ठिकाण घरांपासून तब्बल दीड किलोमीटर लांब होतं.

"लोस?" होल्त्सिंगरने विचारलं. म्हणजे, निघायचं ना?

आधी सायकलींची पूजा झाली. हँडलला झेंडू, चाकाला हळदकुंकू. श्रीफळ वाढवायला दगड हवा होता, आणि कालव्याचा प्रत्येक दगड ऐतिहासिक वारसा निघाला. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी होल्त्सिंगरने नारळ मागून घेतला, सायकलच्या पान्याने एका टोल्यात फोडला आणि पुन्हा विचारलं, "लोस?"

पण आधी पोटोबा. पोहे आले, चहा आला. मग प्रत्येकाने स्वतःची ओळख करून दिली. (एकमेकांना सगळे आठ-दहा वर्षं ओळखत होते. पण ओळख हा कार्यक्रमपत्रिकेतला चौथा मुद्दा होता.) सव्वाअकराला शिरीषने सुरक्षाविषयक सूचना वाचायला घेतल्या. चौतीस पानं, लॅमिनेट केलेली. पहिल्या पानावर सायकल म्हणजे काय, याची व्याख्या होती.

काकू उभ्या राहून ऐकत होत्या. तिसऱ्या पानाला त्यांनी मान वळवली. समोर वाट होती, रिकामी, सपाट, दोन्ही बाजूंनी झाडं, पाण्यावर ऊन. आणि झाडाला टेकून अरुंधतीची सायकल उभी, झेंडू घातलेली, जणू तिचाच सत्कार. अरुंधती स्वतः पुढे उभं राहून पानांचे फोटो काढत होती. काकू गाडीपाशी गेल्या. दत्तात्रयराव पुढची सीट मागे पाडून पडले होते.

"अहो, मी जाऊ का?"

"जा," दत्तात्रयराव डोळे न उघडता म्हणाले.

सेहेचाळीस वर्षांनी निर्णय पुन्हा एका वाक्यात झाला. काकूंनी ओढणी कमरेला खोचली, पर्स यजमानांच्या पायाशी ठेवली (मोबाइल पर्समध्येच राहिला) आणि सायकल वाटेवर आणली. होल्त्सिंगर बाकावरून उठला. त्याने मागे तेवीस जणांकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी आपला एकुलता एक जर्मन शब्द वापरला, जो त्या सकाळपासून ऐकत होत्या.

"लोस."

होल्त्सिंगर आपल्या सायकलवरून मागोमाग निघाला. पहिले वीस हात काकूंची सायकल नागमोडी गेली. शंभराव्या हाताला काकू पडल्या, गुडघा खरचटला, आणि पडल्या पडल्याच त्या इतक्या हसल्या की होल्त्सिंगर घाबरला. मग उठल्या, बसल्या, आणि पायांना सगळं आठवलं. कालव्याची दारं मागे पडू लागली. एका वळणावर बदक आडवं आलं. (सूचीतला धोका क्रमांक एकोणीस.) काकूंनी घंटी वाजवली, बदक बाजूला झालं. विमा लागला नाही. काकूंना वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा फारसा नव्हता, पण येत होतं.

इकडे सूचना पाऊण वाजता संपल्या. मग समूहछायाचित्र झालं, सगळे हेल्मेट घालून, एक पाय पेडलवर. एक जण डोळे मिटलेला आला म्हणून पुन्हा झालं, मग शिरीषचं पोट दिसलं म्हणून पुन्हा. अरुंधतीला आपली सायकल दिसेना, तेव्हा तिने शेजारणीचं हँडल अर्धं धरलं. फोटोला तेवढं पुरतं. हे होईतो सव्वा वाजला आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, की दीडचं आरक्षण आहे आणि जर्मनीत आरक्षणाला उशीर करणं शोभत नाही. जागा पंधरा मिनिटांत जाते! तेव्हा वेळेची शिस्त पाळण्यासाठी सायकली पुन्हा गाड्यांवर चढवून जेवायला जावं आणि सायकल "येताना नक्की" चालवावी, असा ठराव झाला. ठराव अ गटानेच मांडला.

गाड्यांत बसताना क गटात एक आदरणीय कमी भरली.

"आई कुठंय?" मयुरेशचा आवाज चिरकला. त्याने फोन लावला, तो वडिलांच्या पायाशी वाजला. मग तो कालव्याकडे धावला आणि गुडघाभर पाण्यात वाकून वाकून बघू लागला. सत्त्याऐंशी दिवस ज्या भीतीने त्याने आईला सायकलवर बसू दिलं नव्हतं, ती आता खरी ठरते की काय, असं त्याला वाटलं. शिरीषने शांतपणे परिशिष्ट सहा काढलं: हरवलेल्या सहभागीची नोंद. "तुझ्या आईच्या डोळ्यांचा रंग?" त्याने विचारलं. मयुरेशला तो सांगता येईना. ते कळल्यावर तो जास्तच रडवेला झाला.

गलक्याने दत्तात्रयराव जागे झाले. "कोण, कुंदा? ती सायकलवरून पुढे गेली."

"बाबा! सांगायचं नाही का?"

"तिने मला विचारलं, मी जा म्हटलं. तुम्ही विचारलंतच कुठे?"

गाड्या सुसाट निघाल्या. पावणेदोनला सगळे बागेत पोचले तर झाडाखाली चोवीस जणांचं टेबल होतं आणि त्याच्या एका टोकाला काकू बसल्या होत्या, लालबुंद, गुडघ्याला रुमाल, समोर सफरचंदाचा रस. शेजारी होल्त्सिंगर. दीडच्या ठोक्याला पोचून दोघांनी आरक्षण राखलं होतं. नाहीतर टेबल गेलंच होतं.

मयुरेश आईच्या शेजारी जाऊन बसला आणि तिच्या डोळ्यांचा रंग बघू लागला. शिरीषला मात्र पदाचं भान होतं.

"काकू, तुम्ही क गटात होता."

"हो ना रे. पण अ गटवाले सगळे उभे राहून ऐकत होते. म्हटलं, कुणीतरी जायला हवं."

येताना पाऊस येईलसं वाटलं, म्हणून सगळे गाडीने परतले. (पाऊस आला नाही. पण नियोजनात तो होता.) काकू आणि होल्त्सिंगर सायकलने परत निघाले होते, पण कार्यक्रमपत्रिकेत परतीचा उल्लेख नसल्याने समितीने ते अंतर ग्राह्य धरलं नाही.

समितीचा एकोणीस पानी अहवाल मंगळवारी, काकू विमानात असताना, प्रसिद्ध झाला. सहल शंभर टक्के यशस्वी. छायाचित्रं चारशे बारा. जखमी एक (क गट). एकूण अंतर अठरा किलोमीटर, सहभागी चोवीस, म्हणजे दरडोई पाऊण किलोमीटर. सरासरीने सगळ्यांनीच सायकल चालवली, हे पाहून सदस्यांना भरून आलं. अहवालाच्या शेवटी "अघोषित प्रस्थान" हा धोका क्रमांक अठ्ठेचाळीस म्हणून नोंदवला असून तो पुढच्या वर्षी कसा टाळता येईल, यासाठी उपसमिती नेमली आहे. मिरजेत काकूंनी बुधवारी दिराला फोन करून सायकल परत मागितली. ती कधीच भंगारात गेली होती. गुरुवारी त्यांनी नवी घेतली. मयुरेशने व्हिडिओ कॉलवर फक्त एवढंच विचारलं, "आई, घंटी आहे ना गं?"

न्युरेम्बर्गच्या या मंडळाला हसणाऱ्या वाचकांचं अभिनंदन. समित्या, ठराव, चौतीस पानं, हे तुमचं काम नाही, हे मान्य. तेव्हा हे वाचन इथेच थांबवून बाल्कनीत जा, आपल्या सायकलवरचे टॉवेल काढा, आणि एक चक्कर मारून या.

नाही, आज राहू दे. ओले असतील अजून.