लायपेज मर्यादेत आणण्याची कार्यवाही

वजनमापे निरीक्षकांच्या रक्तातलं लायपेज वाढलं आहे, ही बाब सर्वप्रथम त्यांच्या साडूंच्या निदर्शनास आली. निरीक्षक तेव्हा अंघोळ करत होते. लेकीने रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि साडू त्या ग्रुपवर कायम ड्युटीवर असत. आकडा दोनशे दहा, मर्यादा एकशे साठ, शेजारी ठसठशीत चांदणी. साहेब अंग पुसून बाहेर येईपर्यंत ग्रुपवर त्यांना तीन रोग झाले होते आणि त्यातला एक बराही झाला होता.

साहेबांना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती. साखरेशी त्यांनी एव्हाना जमवून घेतलं होतं. पण हे लायपेज म्हणजे काय नवीन झेंगट? त्यातून वेळ नाजूक. मुख्य निरीक्षकाची खुर्ची रिकामी होत होती. तिच्यावर बसायला तंदुरुस्तीचा दाखला लागे आणि नियमात स्वच्छ लिहिलं होतं की, कोणत्याही तपासणीचा आकडा मर्यादेबाहेर असता कामा नये. उमेदवार जिवंत असावा, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. ते बहुधा गृहीत धरलं असावं.

साखरेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोन बोटांत धरला.

"लायपेज म्हणजे चरबी पचवणारं द्रव्य. ते स्वादुपिंडातून येतं," ते म्हणाले.

"इन्सुलिनही तिथूनच येतं ना?"

"येतं. पण इन्सुलिन आमच्याकडे. लायपेज पोटाच्या विभागाकडे."

पोटाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पोट दुखतं?"

"नाही."

"मग पोटाच्या विभागात कसे काय आलात?"

"आकडा वाढलाय हो."

"साखरेवर नवी गोळी सुरू झालीय ना तुमची? तिने वाढला असेल. गोळी कोणाची? त्यांची. मग विचारा त्यांना."

जेमतेम वीतभर लांबीचा अवयव, पण त्याची हद्द दोन मजल्यांत विभागलेली. साहेब चार दिवस त्या हद्दीवरून वर-खाली करत राहिले. व्यायाम चांगला झाला. साखर थोडी उतरली, आणि त्याचं श्रेय दोन्ही विभागांनी घेतलं.

अखेर रक्त घेणाऱ्या सिस्टरना त्यांची दया आली. त्या सुई बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे बघा काका, साखर असलेल्या माणसात हा आकडा थोडा वर असतो कधी कधी. नुसत्या आकड्याच्या मागे धावू नका. पण ती नवी गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांकडून ठरवूनच घ्या. रक्तातली चरबी तपासा. दारू घेत असाल तर बंद. आणि वरच्या पोटात दुखून कळ पाठीत गेली, उलट्या झाल्या, तर एक मिनिट घरी थांबू नका."

"हे लिहून द्याल?"

"मी कसं लिहून देऊ? लिहायचं डॉक्टरांनी."

झालं! साहेबांच्या लेखी विषय तिथेच संपला. बिनशिक्क्याची गोष्ट त्यांनी उभ्या नोकरीत कधी मानली नव्हती.

तोडगा काढला तो हेडक्लार्कने. तो हळूच म्हणाला, "साहेब, आकडा कमी करायची यातायात कशाला? मर्यादा वाढवू की! माझ्या मेव्हण्याच्या माहितीत एक लॅब आहे. तिच्या मशिनची मर्यादा तीनशे."

साहेब दुसऱ्याच दिवशी उपाशीपोटी त्या लॅबमध्ये हजर झाले. आकडा दोनशे बारा. मर्यादा तीनशे. चांदणी नाही. म्हणजे आकडा दोनने वाढला आणि साहेब ठणठणीत बरे झाले. वैद्यकशास्त्राची प्रगती म्हणतात ती हीच.

खोटं कशाला सांगा, परतताना साहेबांना जरा कसंनुसं झालं. घेताना एक वजन आणि देताना दुसरं वापरणाऱ्या शेकडो दुकानदारांना त्यांनी सव्वीस वर्षं फैलावर घेतलं होतं. "यातलं खरं कुठलं?" असं ते दरडावून विचारत, आणि भले भले चळाचळा कापत. पण कसंनुसं वाटणं काही दाखल्याच्या आड येत नव्हतं. त्यांनी पहिला रिपोर्ट बॅगेच्या तळाशी घातला आणि दुसरा अर्जाला जोडला.

"अहो, गोळीचं विचारलंत का डॉक्टरांना?" बायकोने विचारलं.

"अगं, आता काय विचारायचं? सगळं मर्यादेत आहे."

मर्यादेत आहे म्हटल्यावर चांदणीच्या धास्तीने बंद पडलेला संध्याकाळचा पेलाही पुन्हा सुरू झाला. साडू जातीने बाटली घेऊन आले. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. स्वादुपिंडाला त्या ग्रुपवर कोणी घेतलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी, भर दुपारी, एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांचा काटा तपासताना साहेबांच्या पोटात कळ उठली. अशी उठली की पाठीतून आरपार. ते दुकानाच्या पायरीवर मटकन बसले आणि भडाभडा ओकले. दुकानदाराने आधी काटा आत नेला, मग रिक्षा बोलावली.

तातडीच्या विभागात बायको धावत आली. साहेबांनी बॅगेतून काढून दिलेली अर्जाची प्रत ड्युटीवरच्या डॉक्टरांनी जोडलेल्या रिपोर्टसकट उलटसुलट पाहिली.

"लायपेज नॉर्मल आहे की. नऊच दिवसांपूर्वीचं. गॅस असेल."

"अहो, ते तडफडताहेत! पुन्हा तपासा ना," बायको म्हणाली.

"तीच तपासणी तीस दिवसांत पुन्हा करता येत नाही, बाई. आधीचा रिपोर्ट वैध आहे. काय हो, फार दुखतंय का?"

साहेबांनी बाकाची कड घट्ट धरली. घामाने सदरा चिंब झाला होता. खरं बोलावं तर दाखला रद्द, खुर्ची गेली. ते दात आवळून म्हणाले, "रिपोर्टप्रमाणे... नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही. तिने सरळ साहेबांची बॅग हिसकावली आणि टेबलावर उपडी केली. पहिला रिपोर्ट बाहेर पडला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकच माणूस, जवळपास तोच आकडा, आणि मर्यादा दोन.

"यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

सव्वीस वर्षांत हा प्रश्न साहेबांना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मनात नववधूसारखी जपलेली ती खुर्ची डोळ्यांपुढून सरकत गेली.

"पहिला," ते कण्हत म्हणाले. "आणि खूप दुखतंय हो. खूप दुखतंय."

मग मात्र धावपळ झाली. रक्त घेतलं, सलाइन लागलं, पोटाचे आणि साखरेचे डॉक्टर एकाच मजल्यावर आले. नवा आकडा दोन हजारांच्या पुढे होता. तो कोणत्याही लॅबच्या मर्यादेत बसेना. त्यामुळे उपचार करण्यावाचून विभागांना गत्यंतर उरलं नाही.

स्ट्रेचर आत गेलं. दुसरा रिपोर्ट, तो चांदणी नसलेला, टेबलावरच राहिला. बाहेरच्या रांगेतल्या एका बाईंनी तो सहज उचलला आणि तीनशेच्या मर्यादेवर बोट ठेवलं. मग त्यांच्या मागच्या गृहस्थांनी मागून घेतला. बघता बघता तो अख्ख्या रांगेत फिरला, आणि प्रत्येकाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. आत गेलेला माणूस कसा आहे, हे कोणी विचारलं नाही. एका आजोबांनी तेवढं विचारलं, "ही लॅब रविवारी उघडी असते का हो?"

आता तुम्ही त्या लॅबचं नाव कुठे सुटलं तर नाही ना, हे बघायला गोष्टीत मागे जाऊ नका. आम्ही ते मुद्दामच दिलेलं नाही.