आकाराम नियमबाह्य बरा होतो

१९७४ साली मिरजेतल्या एका इस्पितळात वर्तनोपचार विभाग सुरू झाला. मिरजेत तोवर माणसाचा प्रत्येक अवयव दुरुस्त होत होता आणि सतारीही दुरुस्त होत होत्या. फक्त वागणे दुरुस्त करण्याची सोय नव्हती. विभागप्रमुख म्हणून डॉ. मानसिंग शितोळे आले. त्यांच्या हाताखाली विजयमाला नावाची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुलगी उमेदवारीवर लागली. चांगले काम केले तर नोकरी पक्की होणार होती. चांगले काम कशाला म्हणायचे, ते डॉक्टर ठरवणार होते.

तिचा पहिला पेशंट आकाराम, जत भागातला उतारवयाचा मेंढपाळ. मेंढरांनी भरलेला ट्रक ओढ्यात उलटला तेव्हा तो आत बसलेला होता. त्याला खरचटलेसुद्धा नाही. पण तेव्हापासून चाकांच्या कुठल्याही वस्तूत पाय ठेवायचा म्हटले की त्याला दरदरून घाम फुटे. मिरजेलाही तो चालतच आला होता.

"बाई, माझी लेक बनू साताऱ्याकडं खंडाळ्याला बाळंत झालीया," तो म्हणाला. "चालत जावं तर मी पोचस्तवर नातच चालाय लागंल."

"आबा, आपण घाई करायची नाही," विजयमाला म्हणाली. आधी बस लांबून बघायची, मग उभ्या बसमध्ये चढून उतरायचे, मग एका थांब्यापर्यंत जायचे, अशा पायऱ्या तिने ठरवल्या. आकाराम उभ्या बसमध्ये बसून पान-तंबाखूची चंची सोडू लागला. सगळे ठीक चालले होते.

अशा वेळी डॉक्टर मुंबईच्या परिसंवादाला गेले आणि तिथून 'विधायक अभिप्राय' घेऊन आले. पूर्वी साहेब लोक हाताखालच्यांना झापत. ते मागासलेपण होते. आता आधी एक गुण सांगायचा, मग दोष सांगायचा, शेवटी पुन्हा एक गुण सांगायचा. ऐकणाऱ्याने 'आभारी आहे' म्हणायचे.

"विजयमाला, तुम्ही वेळेवर येता. पेशंट बोलत असताना तुम्ही फार मान हलवता. तुमचं अक्षर सुंदर आहे."

"आभारी आहे, सर."

दुसऱ्या दिवशी तिने मान हलवली नाही.

"तुम्ही सूचना लगेच अमलात आणता. पण पेशंटला आपण भिंतीशी बोलतोय असं वाटतं. तुमची छत्री चांगली आहे."

दोष रोज नवे सापडत होते. गुण मात्र संपत आले. एकदा तर डॉक्टरांनी तिच्या गावाकडचा गूळ उत्तम असतो एवढ्यावर भागवले. विजयमालेला तोंड उघडण्याआधी घाम येऊ लागला. दारात डॉक्टरांचे बूट वाजले की ती वाक्य अर्धेच सोडी.

आकाराम हळूच म्हणाला, "बाई, तुमी बी कुठल्या ट्रकातनं पडलासा का?"

मिरज ते सांगली हा पुढचा टप्पा होता. बसमध्ये आकारामशेजारी विजयमाला बसली आणि डॉक्टर बरोबर मागच्या सीटवर. बस हलताच ते पुढे वाकून मोठ्याने अभिप्राय देऊ लागले. उतारूंना पद्धत आवडली. हळदीच्या एका व्यापाऱ्याने कंडक्टरला सांगितले, की त्याचा आवाज खणखणीत आहे, तो सुटे पैसे देताना तोंड वाकडे करतो, आणि त्याची टोपी झकास आहे. कंडक्टरचे झाल्यावर सगळे ड्रायव्हरकडे वळले. तो वळण उशिरा घेतो, हॉर्न उगाच वाजवतो, गियर टाकताना त्याचा खांदा उडतो, असे त्याला चहूबाजूंनी गोड शब्दांत कळवण्यात आले.

विश्रामबागेजवळ त्याने बस कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. "क्लच कंचा नि ब्रेक कंचा, कायबी सुचंना मला," तो म्हणाला.

आकाराम उठला. "गप बसा की रं समदी! चालवू द्या त्येला." तो ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला. "चल गड्या. कोण बी बघत न्हाई."

बस सांगलीला पोचली. आपण भ्यायचे विसरलो हे आकारामला खाली उतरल्यावर ध्यानात आले. समोर साताऱ्याकडची गाडी लागली होती. त्याने एकदा विजयमालेकडे पाहिले आणि त्या गाडीत चढून बसला. त्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर विजयमाला किती तरी दिवसांनी मोकळेपणी हसली.

नातीचे बारसे करून, घुगऱ्या बांधून घेऊन आकाराम बसनेच मिरजेला परत आला. डॉक्टरांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि गंभीर झाले.

"तुम्ही बरे झालात हे चांगलं. पण पायऱ्या गाळून झालात. आपल्या तक्त्यात खंडाळा दिवाळीनंतर होतं. हे बरं होणं विभागाला जमेस धरता येणार नाही. तुम्हाला पहिल्यापासून भ्यावं लागेल. तुमचा पटका छान आहे."

"आन् बाईची नोकरी?"

"तुम्ही पद्धतशीर बरे झालात तर पक्की."

"मग भितो की," आकाराम म्हणाला.

विजयमालेने मान खाली घातली. तिलाही नोकरी हवी होती. तिने त्याला अडवले नाही.

तो उभ्या बसपुढे रोज थरथरू लागला. "थरथर उत्तम," डॉक्टर म्हणत, "पण डोळ्यांत भीती उतरत नाही. आवाज मात्र छान कापतो." आकाराम मनापासून सराव करी. ट्रक आठवी, ओढा आठवी, पायाखाली चिरडलेली मेंढरे आठवी. आणि एका सकाळी पायरीवर पाय ठेवताना त्याला खरोखरच घाम फुटला. दांडी धरलेला हात सुटेना.

"आता जमलं!" डॉक्टर आनंदाने म्हणाले.

"सर," विजयमाला म्हणाली, "हा माणूस बरा झाला होता. आपण त्याला पुन्हा आजारी पाडतोय. त्याला घरी जाऊ द्या."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण पद्धत पद्धत होती. "आभारी आहे," ते म्हणाले. "मात्र तुम्ही आधी गुण सांगायला विसरलात."

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. काही सापडेना. मग तिने आकारामचा हात दांडीवरून सोडवला, त्याला धरून जतच्या गाडीत बसवले आणि स्वतः शेजारी बसली. कवठे-महांकाळ मागे पडेपर्यंत त्याने तिचे मनगट सोडले नाही. त्यानंतर त्याला झोप लागली.

विजयमालेची नोकरी पक्की झाली नाही. पुढे ती सांगलीत एका शाळेत शिकवू लागली.

विभागात तिच्याबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटले. कोणीतरी साहेबांना तोंडावर सांगायला पाहिजे, असे कारकून कृष्णात कित्येक महिने म्हणत होता. तोही हळहळला. "बोलली ते खरंच होतं हो," तो म्हणाला. "फक्त जरा गोडीत घ्यायला हवं होतं." यावर सर्वांचे एकमत झाले. आणि वाचकहो, खरे सांगा, तिने डॉक्टरांचा एखादा गुण सांगून सुरुवात करायला हवी होती, असे मघाशी क्षणभर तुम्हालाही वाटले ना?