बोट बुडवण्यास परवानगी मिळणेबाबत

आमच्या शेजारच्या भिकाजी तांडेलांनी सरकारला अकरा अर्ज केले आणि अकराही माझ्या अक्षरात आहेत. विषय दर वेळी एकच: 'स्वतःच्या मालकीची मच्छीमार बोट समुद्रात बुडवण्यास परवानगी मिळणेबाबत.' लोक अर्ज करतात ते काहीतरी वाचवता यावं म्हणून. आपली धडधाकट बोट बुडवू द्या म्हणून वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो नेमका माझ्या कुंपणापलीकडे राहतो. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. अर्जलेखन पोरांकडून घोकून घेतलं. पण हा नमुना कुठल्याच पुस्तकात नव्हता.

भिकाजी तांडेलांना सगळे नाना म्हणतात. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. त्याने म्हटलं जाळं टाका की टाकायचं, म्हटलं परत फिरा की फिरायचं. नानांनी चाळीस वर्षं हेच केलं. आता सत्तरी उलटली, पण उतरायची काही तयारी नाही. मुलीकडे मिरजोळ्याला जायचं झालं तर एसटीत बसत नाहीत, ड्रायव्हरच्या पाठीशी दांड्याला धरून उभे राहतात. वळण आलं की हळूच म्हणतात, "डावीकडं घ्या जरा." कंडक्टर म्हणतो, "नाना, मागं जागा आहे, बसा." त्यावर ठरलेलं उत्तर: "मी तांडेल हाय, पाशिंजर नाय."

घरातही तीच तऱ्हा. स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं दोरीने बांधलेली, पाण्याचं पिंप भिंतीच्या कडीला जखडलेलं. पाहुण्याला साखर हवी असेल तर आधी गाठ सोडावी लागते. नानांची बायको, म्हणजे आमची नानी, कपाळावर हात मारून म्हणते, "बाई, घरात लाट येनार हाय काय गो? चाळीस वर्सा झाली, ह्या मानसाला अजून जमीन पटली नाय!"

बोटीचं नाव 'रत्नप्रभा'. अडतीस फुटी, लाकडी. नानांचे दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीत आहेत, समुद्रावर जायला कोणी उरलं नाही. इंजिन विकलं, जाळी पुतण्याने नेली आणि बोट मिरकरवाड्याच्या बंदरात एका कडेला चिखलात जाऊन पडली. तरी नाना रोज सकाळी डबा घेऊन जायचे. फटींत कापूस ठोकायचा, वरून राळ भरायची, तेल चोळायचं. मी एकदा विचारलं, "नाना, ही आता कुठे जाणार आहे? कशाला एवढं करताय?" तर म्हणाले, "तुमी रिटायर झालात, म्हणून दात घासायचे थांबवलेत काय?"

मग गेल्या वर्षी बोटीवर नोटीस चिकटली. बंदरातल्या 'बेवारस व निकामी' बोटी मालकांनी हलवाव्यात, नाहीतर पुढच्या पावसाळी मासेमारी बंदीत जेसीबी लावून तोडल्या जातील आणि लाकूड उचलायला दिलं जाईल. नाना ती नोटीस सोलून तशीच ओल्या खळीसकट माझ्या ओटीवर घेऊन आले.

"बेवारस? मी जिता हाय न्हवं?"

"नाना, सरकारी भाषा आहे. सगळ्यांनाच तसं लिहितात."

"मंग तुमी पन सरकारी भाषेत लिवा. लिवा, बोट माजी हाय, आनि मीच तिला समुद्रात नेऊन बुडवनार हाय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतायत, उतरेल उद्यापर्यंत. उद्या सकाळी सहा वाजता कुंपणावरून हाक आली, "बाई, लिवलात काय?"

पहिला अर्ज द्यायला मीही बरोबर गेले, कारण नाना रागावले की त्यांचं बोलणं फक्त बोटीवरच्या माणसांना कळतं. मत्स्य खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज उलटासुलटा केला आणि विचारलं, "बोट कधी बुडाली?"

"बुडाली नाय. बुडवायची हाय."

"मग बुडाल्यावर या ना. बुडालेल्या बोटीचा फॉर्म आहे आमच्याकडे."

"बुडाल्यावर काय परवानगी मागू? तिला वर आनू आनि इचारू?"

साहेबांनी विम्याचा संशय घेतला. विमा नव्हता. अनुदानाचा संशय घेतला. तेही नव्हतं. ज्यात कोणाचाच काही फायदा नाही अशी गोष्ट एक माणूस का मागतो आहे, हे त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. शेवटी ते आवाज खाली आणून म्हणाले, "आजोबा, गपचूप न्या आणि टाका बुडवून. कोण विचारतंय?"

नाना ताठ झाले. "चोरासारी? तिनं कंदी चोरी केलेली नाय. मी आल्यावर बसा म्हनू नका, उबा र्‍हातो. पन कागुद पायजे."

आणि खरोखर उभे राहिले. दोन तास. तिथली खुर्ची त्यांनी वर्षभरात एकदाही वापरली नाही. दुसरा अर्ज हरवला, तिसरा मुंबईला गेला, चौथा मुंबईहून 'आपल्या स्तरावर' म्हणून परत आला. पाचव्याला उत्तर आलं की सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. मी हात टेकले. म्हटलं, "नाना, सोडा आता." ते म्हणाले, "सावा लिवा. अक्षर जरा मोठा काडा, त्यांना दिसत नसंल."

अकराव्या अर्जाच्या वेळी कचेरीत नव्या अधिकारी आल्या होत्या. वय तिशीच्या आतलं, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी आधीचे दहा अर्ज मागवून क्रमाने वाचले. मग म्हणाल्या, "अर्ज छान लिहिलेत." मी जरा सुखावले. "पण कारण एकातही नाही. का बुडवायची आहे?"

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. अकरा अर्ज लिहून मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. वेडाला कारण विचारायचं नसतं असं माझं आपलं धोरण. बाईंच्या टेबलावरचा पेपरवेट नानांनी उगाच फिरवला आणि मग बोलले.

"माज्या बापाचा मचवा होता. बाप गेला, मचवा पडून र्‍हायला. माजा लगीन ठरला तवा चुलत्यानं तो फोडला. जळान झाला चांगला. त्या लाकडावर माज्या लग्नाचा भात शिजला, बाई. पंगतीत समदी म्हनत होती, भात मोकळा झालाय. मी पन जेवलो. नवरा मुलगा, न जेवून सांगतो कोनाला? बापाच्या मचव्यावर शिजलेला भात मी दोनदा वाडून घेतला." पेपरवेट जागेवर ठेवला आणि म्हणाले, "हिनं मला येका वादळात आनला घरी. सात मानसा होतो. तिला कोनाच्या चुलीत घालू?"

अधिकारी बाईंनी केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मग नकाशा उघडला. किनाऱ्यापासून लांब एक जागा होती, तिथे मासळीला आसरा मिळावा म्हणून सिमेंटचे ठोकळे सोडायला मंजुरी मिळालेली होती. त्या ठोकळ्यांच्या यादीत त्यांनी वरिष्ठांची सही आणून एक ओळ वाढवून घेतली: 'लाकडी बोट, एक'. अटी तीन. डिझेलचा, तेलाचा एक थेंब बोटीत राहता कामा नये. जागा तीच हवी, इंचभर इकडेतिकडे नाही. आणि जागेवर साक्षीदाराने पंचनामा लिहायचा.

"साक्षीदार ह्या बाई," नाना म्हणाले. मला कोणी विचारलंच नाही.

पुढचे आठ दिवस नानांनी कपडे धुण्याच्या सोड्याने बोट आतून घासली. नानी कुंपणाशी येऊन मला ऐकवायची, "माज्या मोरीला कंदी हात लावला नाय, आनि तिला सोडा!" त्यात आणखी भर पडली. बोट लाकडी, नुसती भोकं पाडून जाणार नाही, पोटात वजन पाहिजे. नवीन मोरीसाठी अंगणात आणून रचलेले जांभ्याचे चिरे एका दुपारी टेम्पोत चढले. नानी दारात उभी राहून मोजत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "घेऊन जा. सवतीला आहेर."

मे संपत आला होता. बंदी लागायला चारच दिवस उरले होते आणि बंदरात जेसीबी येऊन थांबला होता. त्या सकाळी नानांचा पुतण्या सुनील आपला ट्रॉलर घेऊन आला. अर्धे चिरे पोटात घातलेली 'रत्नप्रभा' त्याला दोराने बांधली. मी छत्री, पंचनाम्याचे कागद आणि आल्याच्या वड्या घेऊन धक्क्यावर उभी. सुनीलचा एक खलाशी कानाशी पुटपुटला, "बाईमानूस बोटीवर? बोट बुडते म्हनतात."

"मंग चढवा लवकर!" नाना ओरडले. "येवडा शकून सोडतो काय?"

जागेवर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. नाना दोर धरून 'रत्नप्रभा'वर उतरले. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि गिरमिट घेऊन आत वाकले. चार भोकं पाडली. मी पंचनाम्यात लिहिलं: दहा वाजून वीस मिनिटांनी बोटीस भोके पाडण्यात आली. मग सगळे बघत बसलो.

काहीच होईना. पाणी आत येत होतं, पण झिरपल्यासारखं. बोट वीतभर बसली आणि तिथेच डुलत राहिली. सुनील म्हणाला, "नाना, आनी दोन पाडा." पाडली. अकरा वाजले. माझ्या आल्याच्या वड्या संपल्या. खलाशी हसायला लागले.

"काय मारलाय काय कापूस! ही म्हातारी नाय जायची."

नानांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते पंचनाम्यात लिहिता येण्यासारखं नव्हतं. माणूस वर्षभर जिच्यासाठी झगडला ती बोट बुडत नाही म्हणून त्याला घाम फुटायला हवा. हे गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे, मिशीत हसतायत. "मी बांदलेली हाय," म्हणाले. "बुडंल कशी?"

पण ऊन चढत होतं आणि वारा फिरायच्या आत परतायचं होतं. सुनीलने ट्रॉलरवर ठेवलेले उरलेले चिरे एकेक करून खाली द्यायला सुरुवात केली. नाना घेत होते, रचत होते. चार, सहा, दहा. मग 'रत्नप्रभा'ने एकदम कूस बदलली. कडेवरून पाण्याचा लोट आत आला, नानांच्या मांड्यांपर्यंत चढला.

आणि नानांनी तिथला रंगाचा रिकामा डबा उचलला आणि पाणी उपसायला लागले.

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. ते भराभरा उपसत होते. कमरेतून वाकायचं, भरायचं, मागे फेकायचं. एका लयीत. आमच्याकडे बघून खेकसले, "बगता काय? बोटीत पानी आलाय! या खाली! उपसा!"

आवाज तांडेलाचा होता. दोन खलाशी खरंच पुढे झाले. मीसुद्धा, गुडघे दुखणारी बाई, उठून उभी राहिले. मग ते थांबले, मीही थांबले, कारण सुनील उडी मारून नानांजवळ पोचला होता. त्याने डबा हिसकावला नाही. ओंजळीने तोही पाणी बाहेर टाकायला लागला. दोघेही बराच वेळ उपसत होते आणि पाणी चढत होतं.

मग सुनील हळूच म्हणाला, "नाना. जेसीबी उबा हाय बंदरात."

नानांचा हात थांबला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, तो पाण्यात सोडून दिला. सगळीकडे एकदा नजर फिरवली. नाळ, मधला खांब, वल्ही अडकवायची जागा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

"येकच."

"दे. तो मी ठेवतो."

शेवटचा चिरा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, पाण्याखाली वाकले आणि आवाज होऊ न देता तळाशी ठेवला. मग सुनीलला आधी वर चढवलं, मागून स्वतः चढले.

'रत्नप्रभा' सरळ गेली. नाळ सगळ्यात शेवटी गेली. पाण्यावर हळदकुंकू थोडा वेळ तरंगलं. मी वेळ लिहिली, हात पुसून सही केली आणि नानांपुढे कागद धरला. त्यांनी सहीच्या वरची मोकळी ओळ अंगठ्याने दाखवली.

"बाई, लिवलात काय, दीड तास बुडत नव्हती म्हनून?"

"लिहिते."

"लिवा. मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं. ट्रॉलर वळला. सुनीलने त्यांना पुढे केबिनमध्ये बोलावलं, पण ते मागच्या बाजूला फळीवर जाऊन बसले. बसलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते. धक्का येईपर्यंत त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा हलत होता. वाकायचा, भरायचा, मागे जायचा.