घर फोन उचलत नाही

उन्हाच्या लाटेत काय करावं आणि काय करू नये, याचं आमच्या कार्यालयाचं पत्रक मी लिहिलंय. (खाली सही साहेबांची आहे, पण स्वल्पविराम सगळे माझे.) एकूण बारा सूचना. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. पडावंच लागलं तर छत्री आणि पाण्याची बाटली घ्या. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत बसा. आणि अकरावी, माझी लाडकी: घरी वयस्कर माणूस एकटं असेल तर रोज फोन करून चौकशी करा.

पत्रकाची एक प्रत मी आमच्या फ्रिजवर चिकटवली. आमच्याकडचं वयस्कर माणूस म्हणजे सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. घरात आम्ही दोघंच. बायको गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या आजारपणात लेकीजवळ म्हणून सासूबाई आल्या, त्या इथेच राहिल्या. मी त्यांना जा म्हटलं नाही, त्यांनी मला राहू का म्हणून विचारलं नाही. सासू आणि जावई, आणि दोघांना जोडणारं माणूसच नाही. अशा घरात बोलायचं तरी काय? ‘मीठ बरोबर आहे ना?’ आणि ‘बरोबर आहे’ यावर आम्ही पाच महिने काढले होते.

घरात कूलर एकच, आणि तो आतल्या खोलीत. ती खोली हिची. शेवटचे दिवस ही तिथेच होती. तेव्हापासून दार ओढलेलंच. सासूबाई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, मी हॉलमध्ये पंख्याखाली. पंखा गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. दार उघडलं तर सासूबाईंना सोसणार नाही, असं मला वाटायचं. (मला सोसणार नव्हतं, हे मी पंख्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.)

मंगळवारी पारा चव्वेचाळीसवर गेला आणि मी ठरवलं, आजपासून अकरावी सूचना पाळायची. रोज एक वाजता घरी फोन करायचा आणि विचारायचं, आई, पाणी प्यालात का? एवढंच. डबा संपवला, हात धुतले, फोन काढला आणि ‘घर’ दाबलं.

कुणी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा. नाही. मग मी दर मिनिटाला लावायला लागलो. अकराव्यांदा घंटा वाजून वाजून थांबली. मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

“साहेब, घर फोन उचलत नाही.”

“बरं, मग?”

“सासूबाई एकट्या आहेत. मी निघतो.”

“आत्ता? पहिली सूचना काय आहे आपली?”

“बारा ते चार बाहेर पडू नका.”

“लिहिली कुणी?”

“सही तुमची आहे, साहेब.”

साहेबांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, “जा. पळ.”

त्यांना माहीत होतं. हिच्या वेळीही घरून फोन आला होता. ‘पाच मिनिटांत निघतो,’ असं मी म्हणालो, आणि समोरची फाईल पूर्ण करून निघालो. पोचलो तेव्हा सासूबाई हिचे पाय चोळत बसल्या होत्या. उशीर झाला असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मी पळालो. बाटली टेबलावर, छत्री खुर्चीच्या पाठीला, आणि मी रस्त्यावर. बस येईना. डांबर चपलांना धरून ठेवत होतं. भिंतीवर आमचंच पत्रक लावलेलं दिसलं, त्यावर डोकं टेकून मी दोन मिनिटं धापा टाकल्या. घाम कधी थांबला ते कळलं नाही. जिन्याच्या पायऱ्या एकाच्या दोन दिसायला लागल्या. मी तीन मजले चढलो की सहा, देव जाणे. बेल दाबली.

दार सासूबाईंनीच उघडलं. धडधाकट. फक्त डोळे सुजलेले.

“आई,” मी म्हणालो, “पाणी प्यालात का?” आणि दारातच कोसळलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी विचारलं, “सगळ्यात थंड खोली कुठली?” सासूबाई चालू लागल्या आणि हिच्या खोलीचं दार त्यांनी पायानं ढकललं. दार लोटलेलंच होतं. आत कूलर चालू होता. गादीवर धुतलेली चादर होती. नर्सबाईंनी माझ्या काखेत, मानेवर ओले पंचे ठेवले. चांगली शुद्ध आल्यावर घोट घोट पाणी दिलं, बोलणं सुधारलंय ना ते पाहिलं, आणि रागावल्या.

“फ्रिजवर एवढं छान पत्रक लावलंय. लावायचं फक्त? एकदा वाचायचंसुद्धा!”

“त्यांनीच लिहिलंय ते,” सासूबाई म्हणाल्या. मला त्या क्षणी परत बेशुद्ध व्हावंसं वाटलं.

‘पुन्हा चक्कर आली तर लगेच दवाखाना,’ असं बजावून नर्सबाई गेल्या. कूलरचा आवाज तेवढा राहिला.

“आई, फोन का नाही उचललात?”

“माझा वाजलाच नाही, जावईबापू.”

“अकरा वेळा केला मी.”

मग खिडकीतला फोन उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. हिचा फोन. चार्जरला लावलेला.

“हा वाजत होता. मी रोज चार्ज करते. बॅटरी संपलेली तिला चालायची नाही ना. दुपारी इथेच बसते मी. तुम्हाला बघून त्रास होईल म्हणून तुम्ही यायच्या आत दार ओढून घेते.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “तुमचा फोन, तिच्यासाठी आलेला. मी कसा घेऊ? वाटलं, आज तुम्हाला राहवलं नाही. बोलू दे बापड्याला. अकरा वेळा वाजला. मी अकरा वेळा रडले.”

मी माझ्या फोनकडे पाहिलं. ‘घर’. पंधरा वर्षं हिचाच नंबर त्या नावाखाली होता. सासूबाईंचा ‘आई’ नावाखाली होता आणि त्याला मी हातही लावला नव्हता. चुकून लागला, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण सांगवेना. मग मीच रडायला लागलो, पाच महिन्यांचं एकदम, आणि सासूबाई ओल्या पंच्याने माझं कपाळ पुसत राहिल्या. “रडा,” त्या म्हणाल्या, “पण मध्ये मध्ये पाणी प्या.”

बऱ्याच वेळाने मला एक सुचलं. मी हिला ‘घर’ म्हणून ठेवलं होतं. हिने मला काय म्हणून ठेवलं असेल? काहीतरी गोड असणार. आमच्यात बोलून दाखवायची पद्धत नव्हती, पण फोनला सांगितलं असेल.

“आई, माझा फोन आला की तिथे काय नाव दिसतं?”

“जाऊ द्या ना आता.”

“सांगा.”

त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला.

“‘छत्री विसरले’,” त्या म्हणाल्या, आणि चष्म्यावरून दाराकडे बघत विचारलं, “आजची कुठे आहे?”