काटूला घरी यायचे आहे

विषय : घरातून पळालेल्या पिल्लास घरी परत येण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : रोज संध्याकाळी टीव्हीवर लागणारी मालिका, 'बिळाबाहेर'.

उपरोक्त विषयास अनुसरून, बाळांनो, सांगायचे ते असे, की एका जंगलात काटू नावाचे साळिंदराचे पिल्लू होते. वडील त्याला रोज शेजारच्या सशाच्या मुलाचे गुण ऐकवत. एके दिवशी गुण फारच झाले, तेव्हा काटू पळाला.

टेकडीपलीकडे अशीच पळालेली आणखी पिल्ले होती. त्यांत झिपरी नावाची उदमांजरी होती. ती स्वतःच्या सावलीवरही खेकसायची.

तिथे एक कोल्हा कॅमेरा घेऊन आला. "तुम्ही नुसते दुःखी राहा," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

मालिका तुफान चालली. उपाशी पिल्ले बघत जेवायला जंगलाला बरे वाटे. एका मुंगसाच्या पोराला बिबट्याने खाल्ले. तो भाग लोकाग्रहास्तव पुन्हा दाखवण्यात आला.

काटूच्या आईला प्रत्येक भागाच्या शेवटी रडण्याचे काम मिळाले. बिळाच्या दारात काटूच्या वाटणीचे कंद मांडून ती बसे आणि वाटेकडे बघे. हरिणी तिच्यासारखे रडायला शिकल्या. वडील 'मुलांना समजून घेताना' या विषयावर गावोगाव व्याख्याने देऊ लागले.

एकदा कोल्हा काटूला म्हणाला, "गुरुवारी तू ओढ्याकाठी एकटाच बस. उजेड छान असतो."

"तिथे बिबट्या येतो ना?"

"म्हणून तर!"

झिपरी काटूवर खेकसली. "घरी जा, मूर्खा. माझ्या घरच्यांनी माझ्या फोटोला कधीच हार घातला. तुझं निदान ताट तरी मांडतात."

काटू भर दुपारी घरी आला. आई दारातच होती. रडण्याचा सराव चालला होता.

"आई, मी आलो."

"अगं बाई! कुणी बघितलं नाही ना?" आईने त्याला झुडपामागे ओढले. "किती वाळलास रे! पण आत्ता कशाला आलास? गुरुवारी माझं मोठं रडणं आहे."

"ते मला बिबट्यापुढे बसवणार आहेत गं!"

"ठाऊक आहे, बाळा. त्याचंच तर रडणं आहे."

काटूने ताटाकडे बघितले. "एक कंद घेऊ?"

"नको रे, शूटिंग व्हायचंय. ताट भरलेलं दिसायला हवं."

वडील बिळातून डोकावले. "शेजारच्या सशाचा मुलगा बघ. मालिकेत घेतील म्हणून कितीदा पळाला बिचारा! तुला न मागता मिळालं, तर किंमत नाही."

काटू सिंहमहाराजांकडे गेला.

"बेटा, अख्खं जंगल तुझ्यासाठी हळहळतंय," महाराज म्हणाले. "असं मनाला येईल तेव्हा परत येऊन कसं चालेल? अर्ज कर."

काटूने अर्ज केला. तो समितीकडे गेला. समितीची बैठक रोज संध्याकाळी भरते. मालिकाही त्याच वेळी लागते. सभासद मालिका बघतात, काटूसाठी डोळे पुसतात आणि घरी जातात.

उद्या गुरुवार आहे.

तात्पर्य : घर सोडायला परवानगी लागत नाही, परत यायला लागते. तेव्हा बाळांनो, ज्याला पळायचे असेल त्याने परतीचा अर्ज आधी मंजूर करून घ्यावा आणि मगच पळावे. काटूने तसे केले नाही. त्याचा अर्ज विचाराधीन आहे.